लग्न आम्हीच एकमेकांशी लावलं

लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत, नवरा-बायको एकमेकांना देतात. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चकितच झाले. लहानपणापासून चर्चमध्ये सगळं काही फादरांच्याच हातून होताना पाहिलेलं, मग इथे ते नुसते साक्षीदार कसे? पण आपल्या कॅथलिक परंपरेत तसंच आहे. वेदीपुढे दोघांनी मोकळेपणाने दिलेली संमती हाच विवाह, आणि ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्च या संस्थेच्या, वतीने ती संमती फादर स्वीकारतात. पुढे संसारात खरा आधार मला याच गोष्टीचा झाला. जे आम्ही एकमेकांना दिलं, ते रोज देत राहणंही आमच्याच हातात होतं.

आम्ही दोघंही वसईचे, पण धर्मग्राम, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत आपण येतो ते, वेगळे. त्यामुळे बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, दृढीकरण या संस्काराचा दाखला, माझ्या धर्मग्रामाचं पत्र, मग दोन्हीकडच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेच्या वेळी, विवाहाची घोषणा, असं सगळं रीतसर झालं. लक्षात राहिली ती फादरांची मुलाखत. त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवलं आणि विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? हे आयुष्यभरासाठी आहे, हे कळतंय ना? मुलांना जन्म द्यायची तयारी आहे ना? होणारा नवरा बाहेर बसलेला असताना, एकटीने आपल्या तोंडाने ‘हो’ म्हणणं फार मोलाचं असतं. आमच्या आजीच्या वेळी मुलीला असं कितपत विचारलं जायचं कोण जाणे.

लग्नानंतर मी सासरी आले. मोठं घर, मागे केळीची वाडी, खाली सासू-सासरे, वर आम्ही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की पुरुष आपल्या आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहील आणि ती दोघं एकदेह होतील. एकाच छताखाली राहून हे कसं पाळायचं? आमच्याकडे पहिला ताण यावरूनच आला. घरातला प्रत्येक निर्णय, अगदी माझ्या शाळेच्या नोकरीचाही, खालच्या ओटीवर ठरायचा आणि मला जेवताना कळायचा. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर तसंच पाहिलं होतं. आम्ही फादरांकडे गेलो. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. म्हणाले, घर सोडू नका, क्रम बदला. आधी तुम्ही दोघं बोला, तुमचं एकमत होऊ द्या, मग आईवडिलांना सांगा, आणि सांगायचं काम ज्याचे आईवडील त्याने करायचं. हा शेवटचा नियम सोन्यासारखा निघाला. नवरा स्वतः खाली जाऊन सांगू लागला तेव्हा सासूबाईंना सुनेने मुलगा तोडला असं वाटेनासं झालं. आईवडिलांचा मान राखायला सांगणाऱ्या चौथ्या आज्ञेलाही त्यात कुठे धक्का लागला नाही. वेळ लागला, पण दोन्ही बाजूंचं प्रेम शाबूत राहिलं.

लग्नाच्या मिस्सेत बऱ्याचदा बायबलमधल्या संत पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. पत्नींनी पतीच्या अधीन असावं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या लगेच आधीचं, एकमेकांच्या अधीन असा असं सांगणारं एकविसावं वचन मात्र सहसा कुणी उद्धृत करत नाही. आणि पतीला तर त्याहून कठीण काम सांगितलंय: ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रेम केलं आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तसं पत्नीवर प्रेम कर. माझ्या नवऱ्याने ते मनावर घेतलं. पहाटेच्या चर्चगेट लोकलला निघण्याआधी दोघांचे डबे तो भरायचा, कारण माझी शाळा सकाळची. क्रूस उचलणं म्हणजे काय, हे मला त्या डब्यांवरून कळलं.

मोठी परीक्षा आली ती त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले तेव्हा. तो बोलेनासा झाला. संध्याकाळची जपमाळ एकत्र व्हायची, पण नंतर सगळं गप्प. त्याच सुमारास ओळखीच्या एका जोडप्याने आम्हाला ‘मॅरेज एन्काउंटर’ला पाठवलं. फादर गॅब्रिएल काल्व्हो यांनी स्पेनमध्ये जोडप्यांसाठी सुरू केलेल्या कामातून ही चळवळ 1960 च्या दशकात उभी राहिली आणि पुढे जगभर पसरली. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत काही जोडपी आणि एक फादर स्वतःच्या आयुष्यातलं सांगतात. तुम्हाला चारचौघांत काहीच सांगावं लागत नाही. प्रत्येक विषयानंतर एक प्रश्न मिळतो. नवरा-बायको वेगवेगळे बसून एकमेकांना पत्र लिहितात, मग खोलीत जाऊन वह्या बदलून वाचतात आणि बोलतात.

नियम एकच, पण अवघड: भावना बरोबर नसते, चूकही नसते. ‘मला भीती वाटते’ असं त्याने लिहिलं तर ‘कशाला घाबरतोस’ असं म्हणायचं नाही. ती भीती कशी आहे, किती आहे, ते विचारायचं. त्याच्या पत्रात होतं, की नोकरी गेली तर मी तुझ्या नजरेतून उतरेन, म्हणून तुझ्याकडे बघवत नाही. मी इतके दिवस त्याच्या गप्प बसण्याला राग समजत होते. त्या खोलीत आम्ही दोघंही रडलो, आणि घराच्या कर्जाबद्दल, माझ्या पगाराबद्दल, मुलीच्या फीबद्दल प्रथमच सगळं आकड्यांत बोललो. पुढे नोकरी गेलीच, पण तोवर आम्ही दोघांनी मिळून तयारी केलेली होती.

घरी आल्यावर हे चालू ठेवायची रीत म्हणजे दहा मिनिटं लिहायचं, दहा मिनिटं बोलायचं. वह्या आजही आहेत. रोज जमतं असं नाही, परीक्षांच्या दिवसांत तर मुळीच नाही. पण मनात काही साठलं की दोघांपैकी कुणीतरी वही काढतं. सूर्य मावळायच्या आत राग जाऊ द्या, हा पौलाचा सल्ला आम्हाला वहीमुळेच पाळता येतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. क्षमा करा, सहन करा असं सांगून मारहाण सोसणाऱ्या बाईला परत घरी पाठवणं हे ख्रिस्ती तत्त्व नाही. जोडीदाराकडून स्वतःच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यातही आहे. अशा बाईने आधी सुरक्षित ठिकाणी जावं, पोलिसांची मदत घ्यावी.

आता धर्मग्रामातल्या विवाहपूर्व वर्गात आम्ही दोघं एक सत्र घेतो. सुरुवात पैशांपासून करतो, कारण लग्न ठरलेली मुलं हॉल, बँड, जेवणावळ यावर तासन् तास बोलतात, पण एकमेकांचा पगार आणि कर्ज त्यांना माहीत नसतं. कागद वाटतो, दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग अदलाबदल करायची. वर्गातली कुजबुज त्या क्षणी थांबते, आणि पुढचा अर्धा तास आम्हाला काहीच बोलावं लागत नाही.