आमची वाटचाल : पेंडीच्या पोत्यापासून कुत्र्यांच्या क्लासपर्यंत

लातूरला आमचं मूळ दुकान पशुखाद्याचं, सरकी पेंड, गोळी पेंड, मिनरल मिक्स्चर, दावी, घुंगरं असलं सगळं. अण्णांनी टाकलेलं. गिऱ्हाईक औसा, निलंगा, रेणापूरकडचं, आणि पेंडीचं पोतं गाडीत टाकता टाकता कुणीतरी विचारायचंच, "मालक, कुत्रं काहीच खाऊलालं नाही की, काय द्यावं?" मग शहरात फ्लॅट वाढले, फ्लॅटात लॅब्रॅडॉर आणि पग कुत्री आली, आणि आम्ही पेंडीच्या थप्पीशेजारी डॉग फूडची एक गोणी ठेवली. अण्णा म्हणाले एवढ्या भावाचं कुत्र्याला कोण घालणार, पण ती गोणी संपली.

आता फूड, पट्टे, ग्रूमिंग, रविवारी ट्रेनिंगचा क्लास असं सगळं आहे. पण काय काय विकायचं नाही हे ठरवत ठरवत दुकान इथपर्यंत आलंय, असं मला तरी वाटतं.

पिल्लं आम्ही विकत नाही. रोज कुणीतरी विचारतं, नाही म्हटलं की नाराज होतं. लोक महिन्याचं पिल्लू कुठूनतरी उचलून आणतात आणि मग "लई चावतंय" म्हणून दुकानात येतात, अहो दात किती जोरात लावायचे हे ते आईकडून आणि भावंडांशी खेळूनच शिकत असतं, ते शिकायच्या आतच आणलं तर चावणारच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा नियमच आहे. आणल्यावर पुढचा महिना दीड महिना सोन्यासारखा असतो, कुकरची शिट्टी, बुलेटचा आवाज, लहान पोरं, सगळं त्याच वयात दाखवायचं, फक्त लसी पूर्ण नसतात म्हणून रस्त्यावर खाली सोडायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा विषाणूचा रोग, झाला तर दोन-तीन दिवसात पिल्लू हातचं जाऊ शकतं.

२०१६ आठवतं ना? एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला. माणसाला अंघोळीला पाणी नाही तिथं कुत्र्याला कोण अंघोळ घालणार, ग्रूमिंग बंद करायची वेळ आली होती. तेव्हा आम्ही नुसतं ब्रशिंग, ओल्या फडक्यानं पुसणं, कान आणि नखं एवढंच ठेवलं आणि लोकांच्या लक्षात आलं की कुत्र्याला काही फरक पडत नाही, उलट दर आठवड्याला शाम्पूनं कातडी कोरडी पडून खाजवणारी कुत्री कमी झाली. शाम्पूचा खप तेव्हा जो खाली आला तो आम्ही परत वर नेलाच नाही.

कारवानी कुत्र्याचं तर वेगळंच. आपल्या भागातलं सशामागं पळणारं कुत्रं ते, बरगड्या जराशा दिसणारच. तरी लोक येतात, "वाळून चाललंय, टॉनिक द्या." जंताचं औषध कधी दिलं ते आधी विचारतो, खाणं-पळणं नीट असेल तर टॉनिक देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून घेतं, घेऊ दे.

एका गोष्टीवर मात्र मी भांडतो. गोठ्यात मारायचं गोचीडाचं औषध उरलं म्हणून तेच कुत्र्याला लावायचं आणि हात पुसल्यासारखं मांजरालाही. यातली बरीच औषधं मांजराचं लिव्हर पचवूच शकत नाही, झटके येऊन मरतं. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी दिली तर तीही त्याला पचत नाही, जीव जातो. कुत्र्याला गोचीड झाल्यावर ताप, नाकातून रक्त, खाणं बंद असं काही दिसलं तर आमच्याकडं येऊच नका, सरळ दवाखाना गाठा, उदगीरला व्हेटरनरी कॉलेज आहे.

क्लास सुरू केला तो वैतागून. फोनवर तेच तेच सांगायचं, झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, बाहेर शी-शू केलं की त्याच क्षणी खाऊ द्या, घरात केलं म्हणून नाक घासू नका, त्यानं ते फक्त सोफ्यामागं लपून करायला शिकतं. क्लासला आल्यावर कळतं खरी गंमत काय असते, साहेब "सिट" म्हणतात, पोरगी "बस" म्हणते, आजी "बैस की रे बाबा" म्हणतात, आणि कुत्रं तिघांच्या तोंडाकडं बघत उभं. अंगावर उड्या मारतं म्हणून साहेब रागावतात आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर स्वतःच उड्या मारू देतात. काटेरी पट्टा मागतात, तो आम्ही ठेवत नाही.

उन्हाळ्यात क्लास सकाळी साडेसहाला असतो, आठच्या आत संपवतो, कारण आपल्याकडं डांबर इतकं तापतं की पंजे भाजतात. येताना लसीचं कार्ड आणा, थोडे फुटाणे किंवा उकडलेल्या चिकनचे तुकडे आणा, आणि कुत्रं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याऐवजी घरात त्याला रोज जेवायला कोण घालतं त्यांना घेऊन या, बहुतेक वेळा त्या आजीच असतात.