नांगरटीतले नाणे हाती आल्यानंतर

इंग्लंडच्या पूर्वेकडील लिंकनशायर परगण्यात राहायला आल्यावर मला मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद लागला. येथील शेतजमिनीत रोमन काळापासून व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंतची नाणी सापडतात आणि ती कशी शोधावीत याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र नाणे सापडल्यानंतरच्या कामाबद्दल लिहायचे आहे, कारण नाण्याचे खरे नुकसान बहुधा त्याच टप्प्यावर होते. तांब्याचे भांडे हिरवट पडले की चिंच-मीठ लावून घासायचे आणि चांदीची निरांजने रांगोळीने उजळायची, हे आपल्या घरांत लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. भांड्यांसाठी ते योग्यच आहे. जमिनीतून निघालेल्या नाण्याला तोच उपाय केला, तर नाण्यावरचा राजा, अक्षरे आणि टांकसाळीची खूण चिंचेच्या कोळाबरोबर मोरीत वाहून जाते.

असे का होते, हे समजून घेतल्यावर पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. तांबे किंवा कांसे शेकडो वर्षे ओलसर मातीत राहिले, की धातूलगत क्युप्राइटचा तांबडा थर आणि त्यावर मॅलाकाइटचा हिरवा थर तयार होतो. ठशाने उमटवलेला मूळ पृष्ठभाग पुष्कळदा खालच्या धातूत शिल्लकच नसतो. चेहऱ्याची रेघ न् रेघ त्या थरांतच जपलेली असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा एखादे शीतपेय यांतील आम्ल हे थर विरघळवते आणि खाली खड्ड्याखड्ड्यांची, गुलाबीसर, कोरी चकती उरते. एकदा गेलेला तो पृष्ठभाग कोणत्याही प्रयोगशाळेत परत आणता येत नाही.

शेतात पाऊल टाकण्यापूर्वीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. जमीनमालकाची परवानगी लागते, आणि सापडलेल्या वस्तूंवर कोणाचा किती हक्क हे आम्ही आधीच लेखी ठरवून घेतले होते. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणे १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. १९९६ च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन अथवा अधिक नाणी एकाच ठेवीतली असतील, तर १४ दिवसांच्या आत कळवावे लागते. साध्या धातूच्या नाण्यांसाठी ही संख्या दहा आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी हे नियम तिकडे लागू आहेत असे समजू नये. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. विहीर खणताना किंवा नांगरताना नाणी निघाल्यावर ती सोनाराकडे नेण्याचा प्रकार ऐकला की मला फार वाईट वाटते, कारण आटवलेल्या नाण्याबरोबर त्या गावाच्या इतिहासाचा एक पुरावाच नाहीसा होतो.

नाणे ढेकळातून बाहेर येते तेव्हा ते कोणाचे असेल, ही उत्सुकता अनावर असते, आणि अंगठ्याने माती पुसण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. मातीत वाळूचे कण असतात आणि वाळू ही गंजलेल्या तांब्याहून कितीतरी कठीण असते. अंगठ्याच्या दोन-तीन फेऱ्यांत गुळगुळीत हिरव्या पृष्ठभागावर कायमचे ओरखडे उठतात. म्हणून मी नाणे कडांनी धरून उचलते, मातीसकट छोट्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवते आणि लगेच त्या जागेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरचे नेमके स्थान सांगणारे आकडे, पिशवीवरच्या लेबलावर लिहिते. डब्यात सगळी नाणी एकत्र खुळखुळत नेणे हेही ओरखड्यांना आमंत्रणच असते. खड्डा पुन्हा नीट बुजवून गवताचा किंवा धसकटांचा थर होता तसा बसवायचा, हे शेतकऱ्याशी असलेले संबंध टिकवण्यासाठी अत्यावश्यक आहे.

एका खड्ड्यात एकाहून अधिक नाणी दिसू लागली, तर मात्र हात थांबवावा. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधील फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला मातीच्या रांजणात भरलेली रोमन नाणी लागली. रांजण ओळखताच त्यांनी खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. रांजण थराथराने रिकामा करण्यात आला आणि त्यात ५२,५०३ नाणी निघाली. त्यांतील सर्वांत अलीकडच्या, म्हणजे कॅरॉसियस या राजाच्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी रांजणाच्या खालच्या भागात होती. त्यावरून हा साठा वर्षानुवर्षे भर घालत केलेला नसून एकाच वेळी पुरलेला आहे, असा निष्कर्ष काढता आला. नाणी घाईने उपसली असती, तर हे ज्ञान कायमचे हरवले असते. एवढा संयम दाखवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

माझ्या हाती लागलेल्या नाण्यांपैकी सविस्तर सांगावे असे एक आहे. कांस्याचे, शर्टाच्या बटणापेक्षा जरासे मोठे, आणि दोन्ही बाजूंना घट्ट चिकटलेल्या चिकणमातीमुळे काहीही न दिसणारे असे ते नाणे होते. मी ते तसेच आमच्या भागातील फाइंड्स लायझन ऑफिसरकडे नेले. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेखाली हे अधिकारी सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करतात. त्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आतला धातू भक्कम आहे आणि वरची माती काढण्यास हरकत नाही, असे सांगितले; काय करायचे तेही त्यांनी दाखवले. ही पायरी वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ नाणी आतून पूर्ण खनिजरूप झालेली असतात आणि किंचित दाब पडताच त्यांचे कवच निखळते. ते डोळ्यांनी ओळखणे नवख्याला जमत नाही.

घरी टेबलावर दुहेरी टॉवेल अंथरला, नायट्राइलचे हातमोजे घातले आणि साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मांडला. हातमोजे आवश्यक आहेत, कारण घामातील क्षार आणि आम्ल धातूवर बोटांचे ठसे कायमचे कोरू शकतात. डिस्टिल्ड पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण कापसाच्या बारीक बोळ्यावर घेऊन मातीवर नुसते टेकवायचे, माती मऊ झाली की बांबूच्या टोकदार काडीने तिचा एकेक कण उचलायचा आणि बोळा न घासता पृष्ठभागावर हलकेच फिरवत न्यायचा, असा तो क्रम आहे. नळाचे पाणी मी वापरले नाही, कारण त्यात कांस्याला घातक असलेले क्लोराइड असते. अगदी बारीक खाचांसाठी मी काटा वापरते. स्टॅफर्डशायर येथे २००९ मध्ये सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याच्या ठेवीची स्वच्छता करताना तज्ज्ञांनीही झाडांचे काटे वापरले होते, कारण धातूच्या सुईने मऊ सोन्यावर चरे पडले असते. काटा बोथट झाला की टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा.

हे काम एका बैठकीत संपत नाही आणि संपवूही नये. डोळे थकले की हाताचा दाब वाढतो. म्हणून थोडा वेळ काम करून नाणे सुकू द्यायचे आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी बसायचे, असे मी करत राहिले. आधी मागच्या बाजूला वर दोन तारे दिसले. मग त्यांच्या खाली एका प्राण्याची पाठ, आणि शेवटी आपल्या पोटाशी असलेल्या दोन बालकांकडे मान वळवून पाहणारी लांडगीण संपूर्ण उमटली. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमादेवी होती. कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात, इ.स. ३३० पासून पाडलेल्या ‘उर्ब्स रोमा’ प्रकारचे हे नाणे आहे. तळाशी टी, आर, पी ही अक्षरे वाचता आली, म्हणजे ते आजच्या जर्मनीतील ट्रियरच्या टांकसाळीतले. ही अक्षरे मिलिमीटरभर उंचीची आहेत आणि हिरव्या थरातच टिकून आहेत. आम्लाचा पहिला परिणाम त्यांच्यावरच झाला असता. अक्षरे वाचता आल्यावर मी थांबले. कडेला अजून थोडी माती आहे, आणि ती तशीच राहणार आहे.

चांदीच्या बाबतीत मी याहूनही कमी हात लावते. पहिल्या एडवर्डच्या काळातली, १२७९ नंतर पाडलेली एक पेनी मला दुमडलेल्या अवस्थेत मिळाली. दीड ग्रॅमसुद्धा वजन नसलेली ती पातळ चकती सरळ करावी असे कोणालाही वाटेल, परंतु जमिनीत जुनी झालेली चांदी ठिसूळ होते आणि सरळ करताना तिचे दोन तुकडे होतात. शिवाय नवस बोलताना नाणे वाकवण्याची प्रथा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये होती, त्यामुळे ती घडी मुद्दाम घातलेली असण्याचीही शक्यता आहे. डिस्टिल्ड पाण्याने माती सोडवली आणि काळसर झाक तशीच ठेवली. सोन्याला तर पाण्यापलीकडे काहीच लागत नाही.

बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत १७९७ साली पाडलेल्या जाड तांब्याच्या पेन्या शेतांत झिजलेल्या अवस्थेत मिळतात. याच टांकसाळीने १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तराजूची खूण असलेली तांब्याची नाणी पाडली होती, त्यामुळे मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. यांनाही तारेचा ब्रश, पितळ उजळण्याचे द्रावण किंवा विजेच्या प्रवाहाचा प्रयोग करू नये. ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेही स्निग्धाम्लांमुळे तांब्यावर हळूहळू परिणाम करते आणि नंतर पूर्णपणे निघत नाही.

साठवण हा याच कामाचा भाग आहे. मऊ पीव्हीसीचे पारदर्शक खिसे स्वस्त मिळतात, पण कालांतराने त्यांतून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप जमतो. मी पॉलिथिनच्या पिशव्या आणि आम्लमुक्त कागद वापरते. कोणाच्या संग्रहात सातवाहनांची शिशाची नाणी असतील, तर ती ओकच्या लाकडी कपाटात मुळीच ठेवू नयेत, कारण त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुगा होते.

कांस्याच्या नाण्यांची सर्वांत मोठी चिंता असते ती क्लोराइडची. धातूलगत दडलेला क्युप्रस क्लोराइड हवेतील ओलावा मिळाला की फिकट हिरवी, सहज झडणारी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतो. ते आम्ल पुन्हा तांबे खाते आणि चक्र चालू राहते. स्थिर पॅटिना, म्हणजे धातूवरचा जुना संरक्षक थर, कठीण आणि गडद असतो, ही भुकटी मात्र नखाने टेकवली तरी झडते. म्हणून नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत, आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली राखावी आणि जेलचा रंग बदलला की तो बदलावा. अधूनमधून भिंगाखाली प्रत्येक नाणे पाहावे. भुकटी दिसलेले नाणे लगेच वेगळ्या डब्यात काढावे आणि संवर्धन तज्ज्ञाकडे न्यावे. त्यावरचे बेन्झोट्रायझोलसारखे उपचार विषारी रसायनांचे असल्यामुळे घरी करण्याजोगे नाहीत.