जर्मनीतला विद्यार्थी विमा: माझी नोंदणी कुठे अडली आणि पैसे कोण भरतं

जर्मनीत मास्टर्सला येताना व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं बँक खातं), विमान, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते आरोग्य विम्यापाशी. अजून आठवलं की डोकं तापतं.

नोंदणी पक्की व्हायची तर विमासंस्थेकडून विद्यापीठाला थेट इलेक्ट्रॉनिक निरोप जावा लागतो. त्याला एम-१० म्हणतात. २०२२ पासून कागदी दाखला चालत नाही. मी विमा ऑनलाइन काढला, मंजुरीचं पत्र आलं, ते घेऊन काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी पत्र हातातही घेतलं नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली: सगळ्या रकान्यांत हिरवी खूण, विम्यापुढे लाल. "आमच्याकडे काही आलेलं नाही." विमासंस्थेला फोन केला तर, "आम्ही तर पाठवलंय." पुन्हा काउंटर, पुन्हा फोन, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम! नोंदणी नाही म्हणून ओळखपत्र नाही, सेमिस्टर तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवास पास) नाही, त्यामुळे रोज पूर्ण भाडं. मुदत तर डोक्यावर आलेली.

शेवटी फोन सोडला आणि विमासंस्थेच्या शाखेत जाऊन ठाण मांडलं. "कुठे पाठवलंय ते दाखवा, त्याशिवाय उठणार नाही," असं स्पष्ट सांगितलं. तिथल्या मुलाने नोंद उघडली, तर निरोप याच शहरातल्या दुसऱ्या एका उच्चशिक्षण संस्थेला गेलेला. प्रत्येक संस्थेला 'एच'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बरोबर टाकून निरोप पुन्हा पाठवला आणि लाल खूण हिरवी झाली. म्हणून सांगतो, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून हा क्रमांक शोधा आणि अर्जाच्या वेळीच विमासंस्थेला लेखी कळवा.

याच धावपळीत एका ओळखीच्या गृहस्थांनी ऐकवलं, "तुम्हा विद्यार्थ्यांचा विमा आमच्या टॅक्समधून चालतो." ते मनाला लागलं, म्हणून आकडे काढले. माझ्या खात्यातून दरमहा १४०-१४५ युरो जातात, त्यात विमासंस्थेची जादा वर्गणी आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमाही आला. सवलत आहे, नाकारत नाही. सर्वसाधारण दर कमाईच्या १४.६ टक्के, विद्यार्थ्यांना त्याच्या सात दशांश, म्हणजे १०.२२ टक्के. तोही कमाईवर नव्हे, तर सरकारी विद्यार्थी-अर्थसाहाय्याच्या ८५५ युरो या ठरीव रकमेवर. पण विम्याचा मुख्य डोलारा उभा आहे तो कामगार आणि मालकांच्या वर्गणीवर. करदात्यांकडून केंद्र सरकार आरोग्य निधीत वर्षाला १४.५ अब्ज युरो घालतं, ते कुटुंबीयांच्या मोफत विम्यासारख्या सामाजिक जबाबदाऱ्यांपोटी. माझ्या वर्गातले पंचविशीच्या आतले जर्मन मित्र आईवडिलांच्या विम्यात बसतात, एक छदाम न भरता. मी मात्र पहिल्या महिन्यापासून भरतोय, आणि अभिमानाने भरतोय.

आणखी एक, ही सवलत वयाच्या तिशीपर्यंतच. तिशी जवळ असेल तर इथे यायच्या आधीच विमासंस्थेशी बोलून घ्या. आणि नोंदणी होईपर्यंतचा प्रवास विमा भारतातूनच काढून आणा.