रीबूटचा खलनायक: नाव झाकून केलेली निवड

‘स्टार ट्रेक’ची चित्रपटमालिका २००९ साली जे. जे. एब्रम्स यांनी नव्याने सुरू केली, म्हणजे ‘रीबूट’ केली. पुढचे भाग २०१३ आणि २०१६ मध्ये आले. तिन्हींत नट उत्तम, यान देखणं, पण खलनायक दर वेळी कुठेतरी निसटला. म्हणून मी पहिला भाग आहे तसा मान्य करून दुसऱ्या भागाचा खलनायक कागदावर पुन्हा निवडायला घेतला. पटकथा लिहिणाऱ्या कुणालाही ही पद्धत वापरता येईल.

सुरुवात उमेदवारांच्या यादीने करू नका. मी तीच केली आणि वाट चुकली. नावं समोर आली की जुन्या आठवणी येतात आणि आठवण म्हणजेच गोष्ट असं वाटू लागतं. यादी बाजूला ठेवून आधी एका पानावर लिहिलं की पहिल्या भागाने काय कायमचं मोडलं. २२३३ मध्ये नायक कर्कचा बाप त्याच्या जन्माच्या क्षणीच गेला. २२५८ मध्ये व्हल्कन ग्रह नष्ट झाला. सहा अब्ज व्हल्कनांतले जेमतेम दहा हजार उरले, कर्कचा व्हल्कन सहकारी स्पॉक याची आई गेली. हे करणारा खलनायक नीरो रोम्युलन (व्हल्कनांशी नातं असलेला परग्रहवासी वंश) होता, पण भविष्यातला. आजच्या रोम्युलन लोकांचा त्यात काहीच हात नाही. भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक अजून जिवंत आहे. आणि कर्क कॅडेटचा थेट कॅप्टन झालाय. खलनायक या पानातून उगवला पाहिजे.

मग प्रत्येक उमेदवारावर आठ-दहा ओळींचा परिच्छेद लिहिला. त्यात नावाच्या जागी ‘क्ष’ घातला आणि जुन्या टीव्ही मालिकेत घडलेलं सगळं खोडलं. उरलेल्यावर तीन गोष्टी तपासल्या. त्याला नेमकं काय हवंय हे एका वाक्यात सांगता येतं का? नायकाशी त्याचं वैर याच चित्रपटात, पडद्यावर सुरू होतं का? आणि त्याच्या म्हणण्यातला थोडासा भाग नायकाला मनातून पटतो का?

जुन्या मालिकेतला खलनायक खान इथे कसा पडतो ते सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण २०१३ मध्ये निर्मात्यांनी त्यालाच निवडलं. त्या मालिकेच्या १९६७च्या भागात कर्क त्याला तुरुंगात न टाकता एका निर्जन ग्रहावर सोडतो. सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटतो, खानच्या ग्रहाचं वाळवंट होतं, त्याची बायको मरते आणि कर्क पंधरा वर्षं साधी चौकशीही करत नाही. १९८२च्या चित्रपटाचं सगळं इंधन हेच. त्यात कर्क आणि खान एकदाही समोरासमोर येत नाहीत, यानांतल्या पडद्यांवरूनच बोलतात, तरी वैर कमी पडत नाही. नीरो मागे आल्यामुळे इतिहास बदललाय, आणि त्या नव्या कालरेषेत यातलं काहीच घडलेलं नाही. कोठडीत उभा राहून खानच्या भूमिकेतला कंबरबॅच आपलं नाव सांगतो, तेव्हा धक्का बसतो तो प्रेक्षकांतल्या जुन्या चाहत्यांना. समोर उभ्या कर्कला ते नाव म्हणजे कोरा कागद. म्हणून पुढे तरुण स्पॉकला म्हाताऱ्या स्पॉकशी संपर्क साधून विचारावं लागतं, हा माणूस किती धोकादायक आहे? खलनायकाची भीती अशी फोनवर विचारून घ्यावी लागली, तर निवड चुकली समजा.

‘क्ष’ घातल्यावर अजून एक गोष्ट दिसली. या माणसाने कर्कचा गुरू अॅडमिरल पाइकला मारलं, तेही पडद्यावर, आणि कर्कचा राग तिथूनच येतो. तेवढं पुरेसं होतं. खान हे नाव वरून लावलेलं, आयत्या बिळावरचा नागोबा. शिवाय मूळ कथेत खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं सांगितलंय. १९६७ मध्ये ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या मोंतालबान यांनी केली, २०१३ मध्ये इंग्रज नटाने. नाव परत आणलं तेव्हा तरी माणूस आपल्याकडचा आणायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

त्याच चित्रपटातला अॅडमिरल मार्कस मात्र परीक्षेत उतरतो. व्हल्कन गेल्याच्या धास्तीने तो युद्धाची तयारी करतो, म्हणजे पहिल्या भागातूनच आलेला.

बाकीचे लवकर निकाली निघाले. गॅरी मिचेल हा जुन्या मालिकेतला कर्कचा जिवलग मित्र, त्यालाच मारायची वेळ येते. पण ती मैत्री आधी दाखवायला माझ्या हिशोबाने वीस मिनिटं लागतात, आणि मित्राची जागा स्पॉक आणि यानावरचा डॉक्टर मॅकॉय यांनी भरलेली आहे. क्लिंगॉन हे लढाऊ परग्रहवासी घेतले की सगळा चित्रपट युद्धात जातो. २०१६चा क्रॉल कल्पनेत सर्वांत चांगला: फेडरेशनच्या, म्हणजे ग्रहांच्या संघाच्या, आधीचा सैनिक, शांततेच्या काळात नकोसा झालेला. पण तो कोण आणि त्याची सल काय, हे दोन्ही शेवटाकडे उघड होतं, त्यामुळे इद्रिस एल्बासारखा नट बराच वेळ मुखवट्याआडून नुसता गुरगुरतो. ओळख लपवा, सल लपवू नका.

उरला जुन्या मालिकेच्या १९६६च्या भागातला रोम्युलन कमांडर. मार्क लेनार्ड यांनी केलेल्या या पात्राला त्या भागात नावच नाही, तो आधीपासूनच ‘क्ष’ आहे. स्वतःचं यान उडवण्याआधी तो कर्कला सांगतो की वेगळ्या वास्तवात मी तुला मित्र म्हणालो असतो. रीबूट म्हणजे नेमकं ते वेगळं वास्तव! इथे मी थांबलो आणि बाकी यादी फाडली.

त्याला काय हवं, ते पहिल्या पानावरच मिळालं. २३८७ मध्ये सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात, रोम्युलन लोकांचा ग्रह रोम्युलस जळणार, हे नीरोमुळे आता माहीत आहे. हातात १२९ वर्षं आहेत. उपाय ठाऊक असलेला एकमेव माणूस म्हातारा स्पॉक, आणि तो व्हल्कन निर्वासितांमध्ये राहतो. कमांडरला स्पॉक जिवंत हवा. व्हल्कन त्याला सोडणार नाहीत, फेडरेशनही नाही. कर्कला मात्र कमांडरचं म्हणणं पटतं.

पहिल्या मसुद्यात हा माणूस इतका भला झाला की त्याची भीतीच वाटेना. चूक क्रमात होती: हल्ल्याचं कारण आधी सांगून मग हल्ला दाखवला होता. सहानुभूती एकदा दिली की धाक परत बसवता येत नाही. क्रम उलटा केला. दहाव्या मिनिटाच्या आत सीमेवरची दोन ठाणी माणसांसकट उद्ध्वस्त होतात, त्यामागचं कारण पस्तिसाव्या मिनिटाला कळतं. तिसऱ्या ठाण्यावर कर्कने ओळखीची माणसं पाठवलेली असतात, म्हणजे वैर पडद्यावर घडतं आणि त्यात कर्कचा निर्णयही येतो.

दुसरी अडचण अशी की १९६६ मध्ये रोम्युलन चेहरा व्हल्कनसारखा निघतो आणि त्यावरून स्पॉकवर संशय घेतला जातो, हाच धक्का होता. तो आता वापरून झालाय. त्या जागी स्पॉकबद्दलचा संशय ठेवला नाही. दहा हजारांतला एक व्हल्कन कमांडरच्या चेहऱ्यात आपलाच चेहरा पाहतो, एवढा एकच प्रसंग ठेवला.

शेवट मूळचाच, कमांडर यान उडवतो. फरक इतकाच की त्याआधी म्हाताऱ्या स्पॉकने त्याला त्या फुटणाऱ्या ताऱ्याचं स्थान सांगितलेलं असतं, आणि ते त्याने रोम्युलसला पाठवलेलं असतं.