पांढरी अक्षरं गुलाबी का झाली

आमच्या डबे पोचवणाऱ्या मुलांच्या टी-शर्टांवरची पांढरी अक्षरं गुलाबी झाली तेव्हा माझा पहिला संशय गेला कपडे धुणाऱ्या मावशींवर. "कशात भिजवले होते?" असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, कपाटातले चार शर्ट अजून पाणीच प्यायले नाहीत. ते बघा की." काढून बघितले. पिशवीतले, घडीसुद्धा न मोडलेले. त्यांच्यावरचं आमचं नावही गुलाबीच. मावशींची माफी मागितली, आणि आठ दिवसांपूर्वी दुधासारखी पांढरी दिसलेली ती अक्षरं उजेडात धरून बघत बसले.

सांगलीत विश्रामबागला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. सात जणींनी सुरू केलं, आता अकरा आहोत, शिवाय डबे पोचवणारी सहा मुलं. गेल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं दुपारचं जेवण मिळालं आणि त्यासोबत अट आली: स्वयंपाकाला अ‍ॅप्रन आणि टोपी, आणि मुलांच्या अंगावर गेटवरून वाचता येईल असं नाव. तोवर आमचा गणवेश म्हणजे ज्याचं त्याचं जुनं गाऊन. मग हिशेब केला: अ‍ॅप्रन तीस, टी-शर्ट चोवीस. टोपीवर काही घालायचं नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरलं. नाव कशानं घालायचं यावर मात्र पंधरा दिवस गेले.

मला सगळ्यावर भरतकाम हवं होतं. आमच्या पिढीला धाग्याचं काम दिसलं की कापडाची किंमत आपोआप दुप्पट वाटते. मुलीचं म्हणणं सरळ होतं: "आई, स्क्रीन प्रिंट कर, स्वस्तात होईल." दोघीही अर्ध्या चुकलेल्या होतो, पण ते नंतर कळलं.

आधी मी गणपती पेठेजवळच्या एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे गेले. त्याचं मुख्य काम लग्नाच्या ब्लाउजांचं. शाळांचे खिसे आणि हॉटेलांचे कोट अधूनमधून. सहा सुयांच्या डोक्यांचं एक मशीन होतं, म्हणजे एका वेळी सहा कपड्यांवर तेच काम उमटतं. मी मोबाइलमधलं आमचं चिन्ह दाखवलं. पातेलं, त्यातून निघणाऱ्या तीन वाफेच्या रेघा, खाली नाव आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'सांगलीचं घरगुती जेवण'. भाच्यानं काढून दिलं होतं, मला फार आवडायचं. पंचिंग करणाऱ्या मुलानं ते मोठं करून बघितलं आणि खालची ओळ अंगठ्यानं झाकली. "काकू, ही काढा. पाच मिलिमीटरच्या खाली मराठी अक्षर घेतलं की गोळा होतो."

पंचिंग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मशीनला चित्र कळत नाही. सुई कुठं खाली जाणार, कुठल्या दिशेनं टाका पडणार, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना धागा कापायचा की तसाच न्यायचा, हे सगळं माणसाला आधी आखून द्यावं लागतं. तयार फाइलला ते डीएसटी म्हणतात. ताजिमा या जपानी मशीनची ती पद्धत, पण बाकीची मशीनंही वाचतात. त्याचे पाचशे रुपये एकदाच. मग दर नगाला चाळीस.

पहिला नमुना त्यानं चिंधीवर काढला, आणि आमच्या नावाची दशा झाली. नावात दोन वेलांट्या, एक रफार आणि एक अनुस्वार आहे. इंग्रजी अक्षरं एका रेषेत बसतात; आपल्याला वरही जागा लागते, खालीही. वेलांटीच्या आतली पोकळी भरून गेली होती, अनुस्वार म्हणजे नुसती गाठ आणि गंमत म्हणजे शिरोरेषा अक्षरांपासून सुटून वर तरंगत होती. तो मुलगा हसला. टाके पडताना कापड आत ओढलं जातं, म्हणून पडद्यावर चिकटलेली अक्षरं कापडावर सुटतात. त्यानं अक्षरांची उंची वाढवली, ती शिरोरेषेच्या थोडी आत घुसवली, शिरोरेषा सगळ्यात शेवटी वरून मारली आणि वाफेच्या तीन रेघांच्या दोन जाड रेघा केल्या. दुसरा नमुना बघून मी मनात म्हटलं, आता हे आमचं दिसतंय. पावणेआठ सेंटिमीटर रुंद, साधारण सात हजार टाके. मिनिटाला सातशे टाके धरले तरी दहा मिनिटं, रंग बदलायला आणखी दोन. सहा डोक्यांवर तीस अ‍ॅप्रन म्हणजे पाच खेपा, तासाभराचं काम. तरी दिलं चार दिवसांनी. लग्नाचे ब्लाउज मध्ये येतातच.

अ‍ॅप्रनचं कापड मी आधी साईच्या रंगाचं निवडलं होतं. त्यावर घरात मोठं हसं झालं. सांगलीत राहून, जिथल्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं त्या गावात, हळदीत हात घालणाऱ्या बायकांना साई रंगाचे अ‍ॅप्रन! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. (उन्हात टाकला की फिका पडतो, पण श्रावणात ऊन कुठून आणणार?) शेवटी बाटलीच्या हिरव्या रंगाचं जाड सुती ड्रिल घेतलं, आणि धागा मोहरीच्या फुलासारखा पिवळा. हळद पडली तरी त्यात जिरून जाते. धाग्यात दोन जाती असतात, हेही तिथंच कळलं. रेयॉनला चमक जास्त, ब्लाउजाला तोच वापरतात. पण आमचे अ‍ॅप्रन गरम पाण्यात, सोड्यात, प्रसंगी ब्लीचमध्ये जाणार म्हटल्यावर त्यानं पॉलिस्टरचा धागा घातला. आज नऊ महिने झाले. अ‍ॅप्रनच्या कडा विरल्या, नाव तसंच आहे.

टी-शर्टांवरही भरतकामच करू म्हटलं, तर त्यानं स्वतःच नको म्हणून सांगितलं. आलेलं गिऱ्हाईक कोण घालवतो? पण त्यानं एका टी-शर्टाच्या छातीवर तेच डिझाइन काढून दाखवलं. पातळ, ताणणाऱ्या कापडावर नावाभोवती चुण्या पडल्या, जणू कुणी आतून चिमटा घेतलाय. आतून बघितलं तर टाक्यांना आधार म्हणून लावलेला बॅकिंगचा कागद आणि गाठींचं खरखरीत जाळं. अ‍ॅप्रन कपड्यांवरून घालतात, त्यामुळे ते कुणाला टोचत नाही. टी-शर्ट मुलं उघड्या अंगावर घालतात, घामात, दुचाकीवर. आणि पाठीवर वीतभर मोठा फोन नंबर? त्याला पस्तीस-चाळीस हजार टाके लागतील आणि पाठीवर पुठ्ठा बांधल्यासारखं होईल, असं तो म्हणाला. खर्चाचा आकडा मी विचारलाही नाही.

म्हणजे टी-शर्टांना छपाई. इथं माझी घाई नडली. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. त्या दिवसांत कुठल्याही स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा, मंडळांचे टी-शर्ट छतापर्यंत रचलेले असतात. ज्याच्याकडे गेले त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, विसर्जनानंतर या, निवांत करून देतो." पण कारखान्याची तारीख ठरलेली. मी हटून बसले. टी-शर्ट मीच आणून दिले: मरून रंगाचे, ड्राय फिट, ठोक भावात एकशे दहा रुपयांना. सुती एकशे नव्वदला होते. पावसाळ्यात लवकर वाळतात म्हणून पॉलिस्टर घेतले आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. कापड कोणतं आहे हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन स्क्रीनचे, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटींचे, आठशे, छपाई एका जागेला पंधरा रुपये, पुढे आणि पाठीवर मिळून तीस. एकूण पंधराशे वीस. नगाला त्रेसष्ट रुपये पडले. दोनशे टी-शर्ट असते तर हाच आकडा चौतिसावर आला असता. छपाईत खर्चाचा मोठा वाटा पहिल्या नगाआधीच होऊन जातो. पाच-सहाच कपडे असतील तर भरतकामापेक्षा छपाई महाग पडते. 'स्वस्तात होईल' म्हणणाऱ्या माझ्या मुलीला हा हिशेब मी मुद्दाम कागदावर मांडून दाखवला.

टी-शर्ट हातात आले तेव्हा सुंदर दिसत होते. आठव्या दिवशी काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

उत्तर मिळालं इचलकरंजीला. माझे मामेदीर तिथं कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात, म्हणजे प्रोसेसमध्ये, रंगखात्यात होते, आता निवृत्त आहेत. एक शर्ट घेऊन गेले. त्यांनी तो नाकाजवळ नेला, बोटांत चोळला आणि वहिनींना इस्त्री तापवायला सांगितली. शर्टाच्या कोऱ्या भागावर पांढऱ्या अस्तराचा तुकडा ठेवला, कडक इस्त्री अर्धा मिनिट दाबली आणि तुकडा उचलून माझ्या हातात दिला. त्यावर गुलाबी छटा आली होती. पाण्याचा थेंब लागला नव्हता.

"सुती कापडात रंग धाग्याशी जोडला जातो," ते म्हणाले. "पॉलिस्टरमध्ये तो उष्णतेनं आत शिरलेला असतो. पुन्हा तशी उष्णता मिळाली की वाफ होऊन निघतो, आणि जवळ जे असेल त्यात जाऊन बसतो." टी-शर्टावर वापरलेली शाई प्लास्टिसोल होती. ती नुसत्या वाऱ्यानं वाळत नाही. साधारण 160 अंशांपर्यंत तापवली तरच पक्की होते. म्हणजे अक्षरं पक्की करतानाच खालचा मरून रंग सुटला आणि मऊ पांढऱ्या थरात हळूहळू वर चढत राहिला. म्हणून पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. लाल आणि मरून पॉलिस्टर यात सगळ्यात वाईट. कमी उष्णतेत पक्की होणारी शाई असते, किंवा पांढऱ्याच्या खाली रंग अडवणारा करडा थर देतात. पण ते करायला छपाईवाल्याला कापड कोणतं आहे हे आधी कळायला हवं ना!

छपाईवाल्याला फोन केला. रागानंच सुरुवात केली होती, पण त्यानं "ड्राय फिट होते का?" एवढंच विचारलं आणि दोघंही गप्प झालो. विचारायचं त्याचं काम होतं, सांगायचं माझं. त्यानं स्क्रीन जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे तो खर्च पुन्हा लागला नाही, आणि छपाईची मजुरी निम्मीच घेतली. टी-शर्टांचे पैसे मात्र माझेच बुडाले: दोन हजार सहाशे चाळीस. मधल्या काळात मुलं गुलाबी नाव मिरवत कारखान्यात जात होती. गेटवरच्या वॉचमननं विचारलं म्हणे, "नवीन डिझाइन का?"

अनंत चतुर्दशी झाल्यावर तिरुपूरचे सुती टी-शर्ट घेतले, 180 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं कापड), बायोवॉश करून वरची लव काढलेले, आणि या वेळी छपाईच्या दिवशी मी तिथं जाऊन बसले. बघण्यासारखं काम आहे. जाळीच्या चौकटीवर प्रकाशानं घट्ट होणारं रसायन फासलेलं असतं. त्यावर काळ्या अक्षरांची फिल्म ठेवून उजेड देतात. जिथं उजेड पोचत नाही तिथलं रसायन पाण्यानं धुऊन जातं, आणि जाळीत आपलं नाव मोकळं होतं. वेलांट्यांच्या पोकळ्या, वाफेच्या तिन्ही रेघा, भरतकामात गेलेली ती खालची ओळसुद्धा, सगळं जसंच्या तसं. शाई ओतली, रबराच्या पट्टीनं एकदा ओढली, गरम हवेनं वरवर सुकवली, पुन्हा ओढली. गडद कापडावर पांढरा रंग एका हातात झाकत नाही.

मामेदिरांनी शिकवल्याप्रमाणे पहिला तयार झालेला शर्ट मी अक्षरांवर धरून दोन्ही बाजूंनी ताणला. शाई नीट तापली नसेल तर सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा पडतात. या अक्षरांना पडल्या नाहीत. तरी तो एक शर्ट घरी आणला, आठवडाभर रोज गरम पाण्यात धुतला आणि मगच बाकीचे मुलांना वाटले. मावशी रोज विचारायच्या, "झाला का गुलाबी?"

मध्यंतरी एक नवीन बाई कामाला आली. तिच्यासाठी दोन अ‍ॅप्रन हवे होते. एम्ब्रॉयडरीवाल्याकडे फाइल होतीच, दोन ब्लाउजांच्या मध्ये काढून दिले, ऐंशी रुपये. मुलांत एक नवीन आला, त्याच्या तीन टी-शर्टांना मात्र छपाईवाला तयार होईना. तीन शर्टांसाठी टेबल लावायचं, शाई काढायची, पुन्हा सगळं धुवायचं. त्याला ते परवडत नाही. म्हणून आता मी दिवाळीपर्यंत थांबून दहा-बाराची ऑर्डर एकदम देणार आहे. तोवर तो मुलगा गुलाबीच घालतोय.

उरलेल्या गुलाबी शर्टांची फडकी करावीत म्हणून एक फाडून बघितला. पॉलिस्टर पाणी टिपत नाही, ओटा नुसता ओला फिरतो. मग गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला होता. रंगपंचमीला गल्लीतल्या पोरांनी मागून नेला.