माफी जकातीला, भाड्याला नाही : परदेशातील नेमणुकीत घरसामान सोडवण्याचा माझा अनुभव

राजनैतिक अधिकाऱ्यांची सगळी कामे परदेशात आपोआप होतात, असा एक समज आहे. तो ज्यांचा असेल त्यांनी एकदा आपल्या घरसामानाचा कंटेनर परक्या देशाच्या बंदरातून सोडवून पाहावा. बदलीचा आदेश, बांधाबांध, प्रवास आणि दूतावासात रुजू होणे यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण ते सारे ठरल्याप्रमाणे पार पडले आणि जहाजही वेळेवर लागले. अडले ते यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयातील राजशिष्टाचार विभागाच्या एका खिडकीवर, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याने स्वतःच्या आणि सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूंवर, घर थाटण्याचे सामान धरून, जकात आणि कर लागत नाहीत. बहुतेक जण हे कलम इथपर्यंतच सांगतात. त्याच कलमात असेही म्हटले आहे की ही सवलत यजमान देश आपल्या कायद्यांनुसार व नियमांनुसार देईल, म्हणजे अर्ज कोणता, शिक्के किती आणि खिडकी कोणती, हे सारे त्याच्या हाती राहते. शिवाय साठवण, वाहतूक आणि तत्सम सेवांचे आकार माफीतून स्पष्टपणे वगळले आहेत. त्यामुळे ठरावीक मोफत मुदत संपली की बंदरातील भाडे चढू लागते आणि ते राजदूतालाही चुकत नाही.

रीत अशी असते : दूतावासाने मंत्रालयाला नोट व्हर्बाल, म्हणजे औपचारिक पत्र, पाठवायची, तिच्यासोबत जकातमाफीचा अर्ज, पॅकिंग लिस्ट (सामानाची यादी) आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) जोडायचे, मंत्रालयाने अर्जावर शिक्का मारायचा आणि मग शिपिंग एजंटाने तो सीमाशुल्क कार्यालयात न्यायचा. आपण परस्पर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाऊ म्हटले तर ते चालत नाही, कारण कलम ४१ प्रमाणे दूतावासाचे अधिकृत काम परराष्ट्र मंत्रालयामार्फत किंवा उभयपक्षी ठरलेल्या अन्य मंत्रालयामार्फतच करायचे असते.

जकातमाफीच्या अर्जात राजनैतिक ओळखपत्राच्या क्रमांकाचा रकाना होता. ओळखपत्र देणार तोच विभाग, परंतु त्याच्या अर्जाला भाडेकराराची प्रत जोडणे आवश्यक होते. घर पसंत केलेले होते, पण घरमालकाच्या वकिलाला भाडेकरारात माझ्या ओळखपत्राचा क्रमांक हवा होता. या तिघांपैकी कोणीही नियमबाह्य काही मागत नव्हते, आणि म्हणूनच कोणाशी भांडताही येत नव्हते.

तरीही मी भांडले. कलम ३९ प्रमाणे अधिकाऱ्याचे विशेषाधिकार तो पद स्वीकारण्यासाठी त्या देशाच्या हद्दीत शिरतो त्या क्षणापासून सुरू होतात, ओळखपत्र छापून झाल्यावर नव्हे, हे मी खिडकीतल्या गृहस्थांना कलम दाखवून सांगितले. त्यांनी ते शांतपणे वाचले, माझे म्हणणे बरोबर असल्याचे मान्य केले, आणि रकाना रिकामा राहिला तर संगणक अर्ज पुढे सरकवत नाही, असे सांगून पाकीट परत केले. परत आलेल्या नोटमध्ये हाताने दुरुस्ती करणे शिष्टसंमत नसल्याने प्रत्येक वेळी नवी नोट, नवा क्रमांक, नवी तारीख, आद्याक्षरे आणि दूतावासाचा शिक्का हे सगळे पुन्हा करावे लागे. सुरुवातीला सादर अभिवादन आणि शेवटी सर्वोच्च आदराची पुनश्च ग्वाही, ती कितीही दात ओठ खाऊन दिली तरी. याच काळात आमच्या एका अटकेतील नागरिकाला भेटण्यासाठी मी तुरुंगात जाऊन आले. वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या करारात त्या भेटीचा हक्कही योगायोगाने कलम ३६ मध्येच आहे, आणि त्या कलमाखाली तुरुंगाचे दार माझ्या कंटेनरच्या दाराआधी उघडले.

मी निषेधाच्या नोटचा मसुदा केला होता. आमच्या वरिष्ठांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आपल्या राजधानीत त्यांच्या अधिकाऱ्यांना ओळखपत्रासाठी किती थांबावे लागते, ते आधी विचारून घ्या." १९६१ च्या कराराच्या कलम ४७ मध्ये जशास तशी वागणूक देण्यास वाव आहे, हे मलाही माहीत होते. माहीत असलेलीच गोष्ट त्या वेळी ऐकवली गेल्याने माझी चिडचिड वाढली, एवढेच.

गाठ सोडवली ती प्रशासन शाखेतील स्थानिक कर्मचारी बाईंनी. त्यांनी त्या विभागातील एका परिचितांना दूरध्वनी केला. ओळखपत्राच्या अर्जाला भाडेकराराऐवजी दूतावासाचे हमीपत्र चालते आणि त्या अर्जाच्या पोचपावतीचा क्रमांक जकातमाफीच्या रकान्यात भरता येतो, अशी अंतर्गत सूचना असल्याचे त्यांना कळले. अर्जावर ती छापलेली नव्हती आणि खिडकीतल्या गृहस्थांनी ती एकदाही सांगितली नव्हती. कंटेनर सुटला तेव्हा मला आनंदापेक्षा संतापच अधिक झाला. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होणाऱ्यांना माझे सांगणे आहे की करार जरूर वाचा, पण त्याआधी दूतावासातील सर्वांत जुन्या स्थानिक कर्मचाऱ्याशी बोला.

पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग यांवरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते ना, हे जहाज सुटण्यापूर्वी पाहून घ्यावे. विवाहाचा मूळ दाखला आणि मुलांचे जन्मदाखले कंटेनरमध्ये मुळीच टाकू नयेत, कारण कुटुंबीयांच्या ओळखपत्रांसाठी ते आधी मागितले जातात. दूतावासातील प्रशासकीय व तांत्रिक कर्मचाऱ्यांनी शक्यतो सगळे सामान एकाच खेपेत आणावे, कारण १९६१ च्याच कराराच्या कलम ३७ प्रमाणे त्यांना जकातमाफी फक्त प्रथम बस्तान बसवताना आणलेल्या वस्तूंपुरती आहे. आणि हो, एजंटाशी दर ठरवतानाच बंदरातील मोफत मुदत वाढवून मागावी.

साठलेल्या भाड्याचे बिल मी आमच्या मुख्यालयाकडे पाठवले आहे. विलंब आमच्यामुळे झाला नाही, याचा लेखी पुरावा त्यांनी मागितला आहे, आणि खिडकीवर तर प्रत्येक नकार तोंडी व हसतमुखाने मिळाला होता. नोट परत आली तर तिच्या स्थळप्रतीवर कारण आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय पाकीट हातात घेऊ नये.