पडद्यावरचा आडवा पट्टा: ७२ अंशांचे शटर

१९४० च्या दशकात अमेरिकेत टीव्हीचे चित्र फिल्मवर घेताना मूळ अडचण वेगाची होती. तिथला टीव्ही तेव्हा सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ६० फील्ड दाखवे; फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र. सिनेमाची फिल्म २४ फ्रेमने धावते. भागाकार केला की एका फिल्म-फ्रेमच्या वाट्याला अडीच फील्ड येतात.

यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो. दोन फील्ड, म्हणजे १/३० सेकंद, शटर उघडे ठेवायचे. उरलेल्या अर्ध्या फील्डमध्ये शटर मिटायचे आणि तेवढ्या १/१२० सेकंदात फिल्म पुढे ओढायची. शटर म्हणजे फिरती चकती; तिच्या ३६० अंशांत हा बंद भाग बरोबर ७२ अंशांचा. नेहमीचा कॅमेरा फिल्म ओढायला याच्या दुपटीहून जास्त वेळ घेतो, त्यामुळे ओढयंत्रणा खास बनवावी लागे आणि फिल्मच्या कडेची छिद्रे फाटण्याची भीती राही.

खरी कसोटी अचूकतेची. शटर दर दुसऱ्या फ्रेमला चित्राच्या मधोमध उघडते आणि तिथेच मिटते. टीव्हीचे पूर्ण चित्र ५२५ ओळींचे असे. उघडी वेळ तेवढ्या ओळींपेक्षा जास्त झाली, तर या सांध्यावरच्या ओळी दोनदा छापल्या जातात आणि प्रिंटवर उजळ पट्टा दिसतो. कमी पडली तर काळा. एक ओळ म्हणजे सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद! कॅमेऱ्याची मोटर टीव्हीच्या सिंक सिग्नलला, म्हणजे ताल राखणाऱ्या संकेताला, बांधलेली नसेल तर पट्टा वरखाली सरकतो, आणि तो जास्तच खुपतो.

चित्रनळीचा फॉस्फर, म्हणजे पडद्यावरचा चमकणारा लेप, निळा, लवकर विझणारा घेत. रेंगाळणारा उजेड पुढच्या फ्रेमवर उतरतो.

न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात १९४८ साली अशीच फिल्म साधारण मिनिटभरात धुऊन, वाळवून थेट प्रोजेक्टरात सोडली जाई.